माझ्या सिंथेसायझरचा सूर परत मिळवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

रोलंड कंपनीचा १९८२ सालचा एसएच-१०१ हा ॲनालॉग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटातून सूर निर्माण करणारे वाद्य, मी आणेपर्यंत आपण पाहिलाही नव्हता. तरीही ‘सर्किट आहे ना, मग ठेवून जा’ एवढेच म्हणून आपण तो वरुडच्या आपल्या दुकानात दुरुस्तीसाठी ठेवून घेतला, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र.

मी जे वाजवतो त्यात ठेका नसतो आणि ठरलेली चालही नसते. एकच खर्जातला सूर धरून ठेवायचा आणि फिल्टरचा स्लायडर, म्हणजे सुरातले काही स्वर झाकणारी-उघडणारी सरकती कळ, अतिशय सावकाश सरकवत त्या सुरातच दडलेले वरचे स्वयंभू स्वर एकेक करून उघडायचे, एवढाच त्याचा विस्तार असतो. तानपुऱ्याच्या जवारीत, म्हणजे त्याच्या तारांच्या घुमत्या झंकारात, रमणाऱ्याला त्यातली गोडी सांगावी लागत नाही. नाचाच्या गाण्यात खपून गेली असती अशी बारीक खरखर या वादनात मात्र सगळा रंग घालवते. आपण कान लावून तीच खरखर नेमकी पकडली, स्लायडरखालच्या कार्बनच्या पट्टीवरची धूळ ती पट्टी न खरवडता अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली आणि वयोमानाने सुकलेले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे सुटे भाग) तेवढे बदलले. बाकीच्या मूळ भागांना आपण हात लावला नाही, याचे मोल मला फार वाटते.

हे वाद्य सहा सेलवरही चालते, म्हणून सेलच्या खाचेतील गंजलेल्या पट्ट्याही आपण आपणहून बदलल्या. आमच्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि या वाद्यात ध्वनी साठवून ठेवण्याची सोय नसल्याने मध्येच तुटलेला सूर पुन्हा जसाच्या तसा सापडत नाही. उष्णतेने ऑसिलेटरचा, म्हणजे मूळ सूर निर्माण करणाऱ्या भागाचा, सूर सरकतो, तेव्हा वाद्य थोडे तापू द्यावे आणि मगच सूर लावावा, ही आपली सूचनाही मी पाळतो. मे महिन्यात तर तिची फारच गरज पडते.

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवून दिला, तेव्हा तेथील प्रयोगांना अख्खा स्टुडिओ लाभला होता. मला आपले टेबल लाभले, आणि माझ्या लेखी ते तसूभरही कमी नाही.

आपण केवळ सुट्या भागांचे पैसे घेतले. मजुरी घेऊन मी येत्या बाजाराच्या दिवशी येत आहे, ती कृपया नाकारू नये. नव्या वादनाचे रेकॉर्डिंगही पेन ड्राइव्हवर आणतो. त्यात कुठे खरखर ऐकू आली, तर निःसंकोच सांगावे.

आपला ऋणी,
वरुड तालुक्यातील एक वादक