सूर जमला!

फोंडा, गोवा
12 जुलै

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

वागातोरहून परतताना तू गाडीतच म्हणाला होतास, "तिथे ऐकलेला सिंथेसायझरचा तो उसळणारा सूर आपल्याला जमलाच पाहिजे." जमला रे! आठवडाभर पाऊस धो धो कोसळतोय, बाहेर पडायची सोय नाही, म्हणून रोज रात्री जेवणं उरकली की त्याच्याच मागे लागत होतो.

आधी मी वाट चुकलो. जितके ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) जास्त तितका सूर जाड, असं समजून सात सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या लहरी, एकावर एक रचल्या. सूर पसरला, पण धार गेली. मग रोलँडच्या एसएच-101 या सिंथेसायझरची रचना नीट बघितली. 1982 चं ते यंत्र, आणि त्यात ऑसिलेटर एकच! जोडीला खालच्या सप्तकातला सब-ऑसिलेटर, आणि फिल्टर व आवाज दोघांत मिळून एकच एन्व्हलप, म्हणजे सूर कसा उठतो नि विरतो ते ठरवणारा भाग. म्हणून त्याचा सूर उघडतो तेव्हा झळाळतो आणि विरताना काळवंडत जातो. मी संगणकावरच्या प्लगइनमध्ये तेच केलं: 24 डीबीचा लो-पास (वरच्या लहरी छाटणारा फिल्टर), कटऑफ म्हणजे छाटणीची मर्यादा खाली, डिके म्हणजे विरण्याचा वेळ साधारण 300 मिलिसेकंद, सस्टेन म्हणजे पट्टी धरून ठेवल्यावरची पातळी कमी. धार परत आली.

पण आपण ऐकलेला सूर हेलकावतही होता. ते कोडं बाबांच्या पेटीने सोडवलं. एकादशीच्या भजनासाठी ते पेटी लावत होते. पांढरी सहा दाबून धरली, आणि सूर लाटा-लाटांनी यायला लागला! एका पट्टीला दोन रीड बोलतात, त्यांत केसभर फरक. मी तसाच वर पळालो. दुसरा ऑसिलेटर घेतला, 7 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर सरकवला. 440 हर्ट्झला त्याच्या सेकंदाला पावणेदोन लाटा येतात, अगदी पेटीसारख्या.

तरीही काहीतरी निर्जीव होतं. शेवटी सापडलं! सॉफ्टवेअर प्रत्येक सूर लहरीच्या त्याच बिंदूपासून सुरू करत होतं, म्हणून प्रत्येकाची सुरुवात हुबेहूब एकसारखी. खऱ्या यंत्रातले ऑसिलेटर पट्टी दाबा न दाबा, आत चालूच असतात. प्लगइनमधलं रीट्रिगर बंद केलं. जुनी यंत्रं तापली की सूर सरकतो, म्हणून अगदी संथ, 2 सेंटचं भटकणंही दिलं. बारा वाजून गेले होते. हेडफोन लावून चार सूर वाजवले आणि अंगावर काटा आला.

ग्लाइड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, फक्त जोडून वाजवलेल्या सुरांनाच ठेवलाय, नाहीतर सगळंच घसरतं. मिनिटाला 140 ठोक्यांच्या लयीला डिले, म्हणजे प्रतिध्वनी, पाऊण ठोक्याचा: 321 मिलिसेकंद.

चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच मुंबईत टीबी-303 हा बेस सिंथेसायझर आणि टीआर-808 हे तालयंत्र यांच्या साथीने राग वाजवले होते, हे तुला मीच सांगितलं होतं ना? म्हणून आपल्या तुकड्यासाठी मी भूप राग घेतलाय. फाईल सोबत पाठवतोय. कटऑफ मी हाताने फिरवलाय, दुसऱ्या आवर्तनात थोडा लवकर उघडला गेला. तो तसाच ठेवू की पुन्हा वाजवू, ते ऐकून कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
विनू