पोपड्यांसकट उतरवलेली चित्रं

जर्सी सिटी
रविवार

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा सुट्टी होती म्हणून नदीपलीकडे न्यूयॉर्कला, मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जाऊन आले. दिवसभर तुमची आठवण येत होती, म्हणून फोनवर न सांगता लिहायला बसले.

इजिप्तच्या दालनात सगळी गर्दी देंदूरच्या देवळाकडे जाते. मी मात्र भिंतीवरच्या चित्रांपाशीच अडकले. वीणेसारखं वाद्य वाजवणारा एक आंधळा, तीन वादक बायका, आणि खुर्चीखाली मासा खात बसलेलं मांजर! ही चित्रं लक्झरजवळच्या नख्त नावाच्या माणसाच्या थडग्यातली, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीची. मूळ चित्रं तिथेच भिंतीवर आहेत. इथे आहेत त्या कागदावर केलेल्या नकला.

त्या काढल्या नॉर्मन आणि नीना द गॅरिस डेव्हिस या इंग्रज जोडप्यानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९०७ साली त्यांचं लग्न झालं, त्याच वर्षी नॉर्मन या म्युझियमच्या कामाला लागले. पुढची तीसेक वर्षं दोघांचे हिवाळे थडग्यांत गेले. आरशांनी ऊन आत वळवायचं, त्या उजेडात आधी ट्रेसिंग करायचं, मग रंग भरायचे. रंगीत फोटोंची सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच. नीनानं पारदर्शक जलरंग सोडून अंड्यात कालवलेले अपारदर्शक रंग घेतले, कारण मूळ रंगही तसेच दाट. तुम्ही आम्हाला पोस्टर कलर का घ्यायला लावायचे ते तिथे उभी असताना कळलं. बहुतेक चित्रं मूळच्याच मापाची आहेत. राणी नेफरतारी पट मांडून सेनेट खेळते आहे, ते चित्र नीनाचंच. राणीच्या झिरझिरीत वस्त्रातून हाताचा रंग दिसतो. तिथून माझा पाय निघेना.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. या लोकांनी पडझडसुद्धा उतरवली आहे. जिथे गिलावा पडला तिथे पडलेला गिलावा, जिथे छिन्नीनं खरवडलं तिथे खरवडलेलं. मनानं काही भरलं नाही. मला ते फार मोठं वाटलं. एवढी हातात कला असताना रिकामी जागा रिकामी ठेवायची!

जळगावहून फर्दापूरला जाताना एस.टी.त तुम्ही रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराची गोष्ट सांगितली होती. अजिंठ्यात वर्षानुवर्षं बसून तिथल्या भिंतींवरून उतरवलेली त्यांची चित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स साहेब आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी पुन्हा सगळं काढलं, आणि १८८५ मध्ये त्यातलंही बरंचसं लंडनमध्येच जळालं. ते ऐकून मी रडले होते, आठवतं? इथली चित्रं सुखरूप पाहताना मला जे. जे.च्या त्या पोरांचे हात डोळ्यांपुढे येत होते.

माळ्यावरच्या ट्रंकेत तुमची अजिंठ्याची वही असेल. त्यात पद्मपाणीच्या अंगावरचा उडालेला रंग तुम्ही आपल्या मनानं पुरा केला होता, असं मला अंधुक आठवतंय. आज काढलंत तर पुरा कराल की तसाच ठेवाल? मी दोन दिवस याच विचारात आहे. दादाला त्या पानाचा फोटो काढून पाठवायला सांगा, दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, तर कळवा.

तुमची,
मनू