सहलीत मराठीतून सांगणारा माणूस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात सध्या दिवाळीच्या सुटीतल्या परदेश सहलींच्या जाहिराती रोज येत आहेत. मोरोक्को, उझबेकिस्तान, जॉर्डन ही नावे आता नागपुरातल्या सहल कंपन्यांच्या यादीतही दिसतात. जुनी शहरे, डोंगर आणि वाळवंट एकाच फेरीत, असा मजकूर असतो. विमान, हॉटेल, व्हिसा आणि रात्रीचे भारतीय जेवण यांची हमी ठळक अक्षरांत असते. मात्र तिथे जे पाहायचे ते आम्हाला कोण सांगणार आणि कोणत्या भाषेत, याबद्दल एक ओळही नसते. ती ओळ जाहिरातीत आणि कार्यक्रमपत्रिकेत यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नागपुरात शाळेत भूगोल शिकवत असे. अ‍ॅटलास पर्वत आणि सहारा वर्षानुवर्षे फळ्यावर काढले, ते निवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात प्रत्यक्ष पाहिले. मोरोक्कोच्या आमच्या गटात नागपूर, वर्धा, अमरावतीकडचे तीसेक जण होते. निम्म्याहून अधिक बायका, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना भराभर बोललेले इंग्रजी समजत नाही. त्यांनीही पूर्ण पैसे भरले होते. काहींनी त्यासाठी भिशी लावली होती. स्थानिक गाईड इंग्रजीत सांगायचा आणि आमच्या कंपनीचा टूर मॅनेजर त्याचे मराठी करायचा, अशी व्यवस्था होती.

ती व्यवस्था कशी चालते ते फेझ शहरात दिसले. या जुन्या शहराच्या गल्ल्यांत मोटारी जातच नाहीत, माल अजूनही खेचरांवरून जातो. अशाच एका गल्लीत अल-करावियिन मशिदीच्या दाराशी आम्ही थांबलो. मुसलमान नसलेल्यांना आत जाता येत नाही, दारातूनच अंगण पाहायचे. गाईड बराच वेळ बोलला. इ. स. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने वडिलांकडून मिळालेल्या पैशातून ही मशीद बांधली, अशी तिथली परंपरा सांगते. पुढे तिच्याभोवती विद्यापीठ वाढले, आणि जगातल्या सर्वांत जुन्या, अखंड चाललेल्या विद्यापीठांत त्याचे नाव घेतले जाते. आमच्या टूर मॅनेजरने याचे मराठी केले ते असे: “ही खूप जुनी मशीद आहे. फोटो काढून घ्या, पाच मिनिटं आहेत.” हे एका बाईचे काम आहे, ही गोष्ट गटातल्या वीसेक बायकांपर्यंत पोचलीच नाही. त्या निमूटपणे समोरच्या दुकानातल्या चपला पाहत उभ्या राहिल्या.

मला ते सहन झाले नाही. तिथून पुढे गाईडशेजारी उभी राहून मीच वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगू लागले, आणि तोच गट वेगळा वागू लागला. चामडे कमावण्याच्या कुंडांपाशी गेलो तेव्हा दुकानाच्या अरुंद जिन्यात प्रत्येकीच्या हातावर पुदिन्याची काडी ठेवली गेली, नाकाशी धरायला. वरच्या गच्चीतून खाली दगडी कुंडांच्या रांगा दिसतात. काही पांढरी, काही रंगांची, आणि त्यांत मांड्यांपर्यंत उतरून कातडी तुडवणारी माणसे. पांढऱ्या कुंडांपैकी काहींत चुना असतो, त्याने केस सुटतात. काहींत कबुतरांची विष्ठा कालवलेली असते, त्याने कातडे मऊ पडते. हे सांगितल्याबरोबर वर्ध्याच्या एक काकू म्हणाल्या, “मॅडम, त्याले विचारा ना, ह्या माणसायच्या पायाले काही होत नाही का? अन् मजुरी काय भेटते?” गाईडने विचारात पडून उत्तर दिले. असा प्रश्न त्याला फारसा कोणी विचारत नसावा. त्यानंतर त्यालाही सांगण्यात रस वाटू लागला.

त्याच शहरात बू इनानिया मदरसा आहे. तो बांधणारा सुलतान अबू इनान यानेच चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याला त्याचा प्रवास लिहवून ठेवायला सांगितले होते, आणि ते काम १३५५ मध्ये पूर्ण झाले. हाच इब्न बतूता आपल्या दौलताबादला येऊन गेला होता. नंदुरबारच्या मराठ्यांच्या जेवणात भात, भाज्या आणि तिळाचे तेल असते, हेही त्याने नोंदवले आहे. मोरोक्कोच्या गाईडला नंदुरबार ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्या बाजूने कोणी जाणकार असेल तरच हा दुवा जुळतो, म्हणूनच नुसत्या भाषांतराने काम भागत नाही असे माझे मत झाले आहे.

वाळवंटाचे मी थोडक्यात लिहिते, कारण त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. मेर्झुगाच्या वाळूच्या टेकड्या, उंट, सूर्योदय हे सारे सुंदर आहे आणि तिथे कोणी काही सांगितले नाही तरी चालते. सांगण्याची गरज पडली ती दुसऱ्या दिवशी, एर्फूद ओलांडून पुढे जाताना. चहासाठी गाडी थांबली होती. रस्त्याच्या कडेला सपाट माळावर मातीचे उंचवटे एका सरळ रेषेत दूरवर गेलेले दिसले, मोठ्या वारुळांसारखे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव नव्हते. मी गाईडला विचारले, तर तो आम्हाला घेऊन एका उंचवट्यावर चढला आणि आत वाकून पाहायला लावले. तो विहिरीचा कठडा होता, आत मात्र पाणी नव्हते. याला तिथे खेत्तारा म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी जिथे भूजल आहे तिथून जमिनीखाली बोगदा खणायचा. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे पाणी आपोआप वाहत पुढे गावापाशी उघड्यावर येते. मधल्या विहिरी माती काढायला, हवा खेळायला आणि दुरुस्तीसाठी उतरायला. पाणी उपसावे लागत नाही आणि उन्हाने उडून जात नाही. गावात ते कुटुंबांच्या हिश्श्याप्रमाणे वेळ ठरवून वाटले जाते.

मी एवढे सांगेपर्यंत गटातल्या एकजणी मोठ्याने म्हणाल्या, “अगं बाई, हा तं आमच्या बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा!” त्यांचे माहेर बऱ्हाणपूरचे. मोगलांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याचे पाणी शहरात आणायला तिथे हीच रचना केली गेली आणि ती आजही पाहता येते. मग त्या स्वतःच सगळ्यांना समजावू लागल्या. मी गप्प बसले. वरुडचे एक संत्रा बागायतदार सोबत होते, त्यांनी विचारले, “मंग आता हे कोरडं काऊन पडलं?” गाईड म्हणाला, आसपास मोटारपंप बसले, पाण्याची पातळी खाली गेली आणि बोगदे कोरडे राहिले. त्यावर ते म्हणाले, “आमच्या वरुडातबी बोअरनं हेच केलं.” हे मी गाईडला इंग्रजीत सांगितले, तेव्हा त्याने पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला. त्या थांब्यावर वीस मिनिटे ठरली होती, आम्ही तासभर होतो आणि एकानेही कुरकुर केली नाही.

वाटेत पाट्यांवर अरबीशेजारी भूमितीतल्या आकृत्यांसारखी अक्षरे दिसत होती. ती अमाझिघ, म्हणजे बर्बर, या तिथल्या मूळ रहिवाशांची तिफिनाघ लिपी. मोरोक्कोच्या २०११ च्या राज्यघटनेने त्यांची भाषा अरबीबरोबर अधिकृत केली. आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात बोलली जाणारी गोंडी अजून आपल्या राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीतही नाही, हे त्या पाट्या पाहताना मनात आल्याशिवाय राहिले नाही.

मराकेशकडे जाताना तिझी-न-तिश्काचा घाट लागतो, उंची सुमारे २२६० मीटर. त्याआधी आइत बेन हद्दूचे मातीचे गाव पाहिले. फळ्यांच्या साच्यात ओली माती चोपून उभ्या केलेल्या त्या भिंती आहेत, पावसाने झिजतात आणि पुन्हा लिंपाव्या लागतात. घाटात गाईड ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीबद्दल बोलला. ६.८ तीव्रतेच्या त्या भूकंपात जवळजवळ तीन हजार माणसे गेली, बहुतेक याच डोंगरातल्या खेड्यांतली. त्याच्या मावशीचे गावही त्यात होते. टूर मॅनेजरने माइकवर सांगितले, “इथे भूकंप झाला होता,” आणि गाणी लावली. मी गाणी बंद करायला सांगितली आणि उरलेले सांगितले. आमच्या गाडीतल्या वयाने मोठ्या सगळ्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवत होती. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कशा येतात, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळे समजावावे लागत नाही, फक्त कोणीतरी ते त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचवावे लागते. गाडीतून उतरल्यावर बायकांनी त्या गाईडपाशी मावशीची विचारपूस केली.

यात त्या टूर मॅनेजर मुलाचा दोष मी मानत नाही. पहाटे पाचपासून तो बॅगा मोजत होता, कोणाची औषधे, कोणाचा उपवास, कोणाचा हरवलेला चष्मा सांभाळत होता, आणि ते काम त्याने फार चांगले केले. इतिहास सांगणे हे दुसरे काम आहे. मोरोक्कोतच शहरांच्या गाईडचा परवाना वेगळा असतो आणि डोंगरातल्या गाईडचा वेगळा, आणि डोंगरातल्या गाईडसाठी अ‍ॅटलासच्या तबांत गावी शिक्षणाचे केंद्र आहे. तिथे एका माणसाकडून दोन्हीची अपेक्षा करत नाहीत. आपण मात्र बॅगांपासून अल-करावियिनपर्यंत सगळे एका पंचविशीतल्या मुलावर टाकतो.

माझी सहल कंपन्यांना विनंती आहे की अशा सहलींत टूर मॅनेजरखेरीज मराठीतून सांगणारा एक जाणकार सोबत द्यावा. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली काम शोधत असतात. इतिहास-भूगोलाचे निवृत्त शिक्षक तर गल्लोगल्ली आहेत. त्यांना महिनाभर आधी सांगा, वाचायला वेळ द्या, मानधन द्या. एका माणसाचा खर्च तीस जणांत वाटला तर तो जड होणार नाही, आणि निघण्यापूर्वी एका संध्याकाळी नकाशा लावून त्याच माणसाने सगळ्यांशी बोलावे. दुकानांचे थांबे कमी केले तर लागणारा वेळही निघेल.

नोंदणी करणाऱ्यांनाही सांगणे आहे. पैसे भरण्याआधी विचारा: स्थानिक गाईड किती तास आहे, त्याचे बोलणे मराठीत कोण सांगणार, त्या माणसाने त्या देशाबद्दल काय वाचले आहे. उत्तर कार्यक्रमपत्रिकेवर लिहून मागा. तुमच्या आईला किंवा सासूबाईंना एकटीने पाठवत असाल तर हे नक्की विचारा.

दिवाळीच्या सहलींची नोंदणी सुरू आहे, पत्रिका अजून छापल्या जायच्या आहेत. ज्या कंपन्या अशी सोय आधीपासून करतात त्यांनी आपल्या याच स्तंभात तसे कळवावे, म्हणजे आम्हा वाचकांना कोणाकडे जायचे ते ठरवता येईल.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
धरमपेठ, नागपूर