जुलैच्या सुट्टीबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई आणि बाबा,

आई, रविवारी तू विचारलंस, "जुलैचं तिकीट काढलंस ना गं?" आणि मी आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. तिकीट काढलंय, पण ते मुंबईचं नाही. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. वहिनीला मोठ्या अक्षरांत छापून द्यायला सांगितलंय, बाबांना डोळे ताणायला नकोत.

मी मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालाला जातेय, १९ ते ३० जुलै. इथल्या, ओक्लाहोमाच्या आमच्या चर्चमधले आम्ही १४ जण. आतित्लान तळ्याच्या काठी सांतियागो आतित्लान नावाचं गाव आहे. तिथे बाकीचे धुराडं असलेल्या चुली बांधतील आणि मी दुपारपर्यंत नर्सचं काम करीन, रक्तदाब, साखर, पोरांची वजनं.

ती सुट्टी तुमच्या नावाची होती, हे मी विसरलेले नाही. १२ डिसेंबरला येतेय, नाताळ धरून पूर्ण तीन आठवडे. तेही तिकीट काढून झालंय, दादाला पाठवलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलले. मोतीबिंदू डिसेंबरपर्यंत थांबला तर चालेल म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे असेन आणि नंतरचे थेंब मीच घालीन. जुलैत आले असते तर जेमतेम दहा दिवस मिळाले असते, त्यातही पावसाने घराबाहेर पडता आलं नसतं. हे सगळं खरं आहे, तरी लिहिताना घसा दाटतोय.

आई, जुन्या घराची मागची पडवी आठव. पावसाळ्यात लाकडं ओली, तू फुंकणी घेऊन वाकलेली, पदराने डोळे पुसतेस. मी विचारायचे, "आई, रडतेस?" तू म्हणायचीस, "नाही गं बाय, धूर गेला." पुष्कळ वर्षांनी कळलं की दर वेळी धूरच नसायचा. पण तुझा खोकला मात्र धुराचाच, गॅस आल्यावरही गेला नाही. नर्सिंगला फुप्फुसांचा धडा आला तेव्हा मला तूच दिसलीस. सांतियागोत अजून कित्येक घरांत तीन दगडांची चूल जमिनीवर पेटते, धुराला बाहेर जायला वाट नाही, आणि पाठीला पोर बांधलेली बाई त्यावर भाकऱ्या टाकते. आमच्या नोटीसबोर्डावर तो फोटो लागला आणि मी नाव देऊन आले. नंतर भान आलं की ती तारीख तुमची होती. नाव मागे घ्यायला दोनदा गेले आणि दोनदा तशीच परतले.

बाबा, "तिकिटांचे पैसे त्यांनाच पाठवले असते तर?" असं तुम्ही विचारणार. मीही हेच विचारलं. चुलींचा खर्च वेगळा जमवलाय, तिकीट ज्याचं त्याने काढलंय. सिमेंटचे ठोकळे, वरची लोखंडी पत्र्याची तवी, धुराडं, सगळं सामान तिथूनच घेतात. बांधणारे गवंडी गावचे असतात, आमचे लोक ठोकळे वाहायला आणि कालवायला. कोणत्या घरी चूल द्यायची हे तिथलं चर्च ठरवतं. आपण जाऊन शहाणपण शिकवायचं नाही, एवढं मी आधीच विचारून घेतलंय.

आता जे दादा मोबाईलवर शोधून तुम्हाला दाखवणारच, ते मीच सांगते. ओक्लाहोमाच्या धर्मप्रांताने १९६४ पासून या गावात माणसं पाठवली. त्यातले फादर स्टॅन्ली रोदर इथल्याच ओकार्चीच्या शेतकऱ्याचा मुलगा. सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शिक्षणात, लॅटिन जमेना, एकदा घरी पाठवलेले. तोच माणूस त्या गावची त्सुतुहिल भाषा शिकला आणि नव्या कराराच्या त्या भाषेतल्या भाषांतराला हातभार लावला. तुमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची आणि पहिल्यांदा मराठीत ऐकली तेव्हा आजी कशी रडली, हे तुम्ही सांगता, म्हणून तुम्हाला ते कळेल. ट्रॅक्टरही ते स्वतः दुरुस्त करत, बाबा, तुमच्यासारखेच.

ग्वातेमालाच्या यादवी युद्धात त्यांचं नाव मारायच्या यादीत लागलं. १९८१ च्या जानेवारीत ते घरी आले, ईस्टरला परत गेले आणि २८ जुलैच्या रात्री त्यांना मारलं. देह ओक्लाहोमाला आला, हृदय गावाने ठेवून घेतलं. २०१७ साली त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं. २८ जुलैच्या मिस्सेला आम्ही तिथेच असू.

हे वाचून आई जपमाळ हातात घेईल. आई, ते युद्ध १९९६ च्या डिसेंबरात करार होऊन संपलं. मी कुठे एकटी जाणार नाही, अंधारात प्रवास करणार नाही. राहायची सोय चर्चच्याच खोल्यांत आहे. गाव साधारण दीड हजार मीटर उंचीवर, महाबळेश्वरपेक्षा थोडं वरच, म्हणजे हवा गार. स्वेटर घेतलाय, तू विणलेला निळा. पाणी बाटलीतलंच पिणार. कावीळ-अ आणि टायफॉइडची लस झाली. जेवणाचं तर नवल वाटेल. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि हातावर थापून भाकरी करतात, सोबत काळा घेवडा. उपाशी नाही राहणार तुमची पोर.

आणि तिथल्या म्हाताऱ्या बायका डोक्याभोवती लाल लांबच लांब पट्टी गोल गुंडाळतात, तबकासारखी. ग्वातेमालाच्या २५ सेंताव्होच्या नाण्यावर याच गावच्या बाईचा तसा चेहरा आहे. मला आजीचं लाल लुगडंच आठवलं. ते नाणं तुमच्यासाठी आणीन.

बाबा, संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला तुम्ही मला खांद्यावर बसवून न्यायचात आणि सांगायचात, हा आपल्या वसईचा पोर बघ, कुठे जपानला पोचला. ते माझ्या डोक्यात तुम्हीच घातलंत. आत्याच्या वेळी जे झालं त्यामुळे तुम्हाला माझं दूर जाणं सोसत नाही, तेही जाणते. मी तशी जात नाहीये. मी परत येणारी आहे.

आता नीट ऐका. बाबा, पावसात विहिरीच्या मोटारीला हात लावायचा नाही. दादा कामावरून येईपर्यंत केळीला पाणी मिळालं नाही तरी काही मरत नाही. वाडीत जाताना रबरी चपला नकोत, मी पाठवलेले बूट घाला, ते ठेवणीतले नाहीत. आई, रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. वहिनीकडे मोजून दिल्यात, ती मला कळवते. खारवलेले बोंबील आठवड्यातून एकदाच. वाफारा रोज घे.

तुमची संध्याकाळची साडेसातची जपमाळ असते, तेव्हा तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात. मी दवाखान्याच्या दारात असेन. जपमाळेच्या शेवटच्या दशकाला, शेवटच्या दहा मण्यांना, माझं नाव घ्या, मी इकडून तुमचं घेईन. त्यानंतर लगेच फोन करते. लागला नाही तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी लागेल. आई, त्या फोनवर आवाज तुटला तर खरंच तुटलेला असेल.

तुमची,
बाय