लिंगओळख उपचार : घाई नको, सरसकट नकारही नको

महोदय,

माझं मूल पंधरा वर्षांचं आहे. जन्मनोंद मुलगी, तो स्वतःला मुलगा म्हणतो. पाळीच्या चार दिवसांत खोलीबाहेर येत नाही.

वयात येणं रोखणारी औषधं अकाली वयात येणाऱ्या लहान मुलांना कित्येक दशकं दिली जात आहेत, पण तिथे ती योग्य वय होताच थांबवतात. माझ्या मुलासारख्या किशोरांच्या लिंगओळख उपचारात मात्र हाडं भरण्याच्या ऐन वयात ती चालू असतात. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने या औषधांबाबतचा पुरावा तोकडा ठरवला, ते मला पटतं. पण पुरावा तोकडा म्हणजे उपचार निरुपयोगी, असा अर्थ लावणाऱ्यांना मी विचारते : वाट पाहण्याचं काय? टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाने फुटलेला आवाज मागे फिरत नाही, तशी वाढलेली छातीही औषधाने जात नाही.

या उपचारांचा पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला विचारलं, "पुढे स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर?" त्याने खांदे उडवले. त्या उत्तराने माझी झोप उडाली आहे. मला बंदी नको, घाईही नको. हाच प्रश्न सहा महिन्यांनी त्याला पुन्हा शांतपणे विचारणारे डॉक्टर हवेत.

– एक आई