आशाताई, पोरींना मैदान मिळवून दिलंत म्हणून

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार तोंडावर मानायला गेलं की "अहो, त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही रजिस्टर उघडता आणि कुणाच्या बाळाचा डोस राहिलाय ते विचारायला लागता. म्हणून हे जाहीर पत्र, वस्तीवरच्या सगळ्या आयांच्या वतीने. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुपारी शिलाई मशीनवर घरात सापडते ती मीच.

आपला माण तालुका दुष्काळी, हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिचं कौतुक आम्ही सगळ्यांनी केलं. पण घरातली मुलगी सातवी-आठवीत गेली, पाळी सुरू झाली, की तिचं पळणं थांबायचंच. "खेळू नको" असं कुणी म्हणत नसे, तेवढी गरजच पडत नसे. संध्याकाळी पाणी भरायचं असतं, भाकरी थापायच्या असतात, धाकट्याला सांभाळायचं असतं. त्यातून एखादी सुटलीच, तर मैदानावर क्रिकेटवाली पोरं. मुलगी मग ओट्यावर बसते, आणि आपण म्हणतो, आता शहाणी झाली.

तुम्ही ते मैदान कसं मिळवलंत, हे गावात सगळ्यांना कळायला हवं. ना ग्रामपंचायतीत अर्ज, ना कुणाशी भांडण. त्या पोरांतली निम्मी पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे काळोखात डांबरी रस्त्यावर 1600 मीटरचा सराव, पोटात कपभर चहा, नाहीतर एनर्जी ड्रिंकची बाटली. पायात गोळे आले, चक्कर आली की तुमच्याकडेच यायची. तुम्ही त्यांना सांगितलंत, रात्री मटकी भिजत घाला, पळून आलात की मोड आलेली मटकी नाहीतर उकडलेली अंडी खा, बाटलीचे पैसे वाचवा. दर महिन्याला तुमचं वजन आणि बीपी मी बघते, असंही म्हणालात. बदल्यात साडेपाच ते साडेसहा अर्धं मैदान पोरींचं. सौदा ठरला! खो-खोच्या मैदानाची फक्की पहिल्यांदा मारली तीही त्या पोरांनीच, आणि रेषा वाकड्या गेल्या म्हणून पोरींनी त्यांना पुन्हा मारायला लावली.

खो-खोच का, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. आता रोज बघते तेव्हा कळतं. दोन खांब आणि मोकळी जमीन, खर्च काही नाही. आठ जणी एकीआड एक उलट तोंडं करून उकिडव्या बसतात, म्हणजे मांड्या आणि पोटऱ्या आपसूक घट्ट होतात. खो मिळाला की झटक्यात उठायचं, पळायचं, वळायचं, सूर मारायचा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज तासभर तरी दम लागेल असं काही करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या पोरींना हा नियम कुणी वाचून दाखवला असता तर त्या जांभया देत बसल्या असत्या. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवलं. तुमच्या मोबाईलभोवती तो सामना बघताना त्या जे ओरडत होत्या ते ऐकून शेजारच्या वस्तीवरून माणसं विचारायला आली.

आता खाण्याचं. खरं सांगायचं तर शहरातून कुणी येऊन ओट्स, बदाम आणि सॅलड सांगून जाईल, याच तयारीने आम्ही तुमच्या पहिल्या बैठकीला बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "हुलग्याचं माडगं शेवटचं कधी केलं?" एकमेकींची तोंडं बघायची वेळ आली. आमच्या सासवा खळखळून हसल्या, कारण ते त्यांचं खाणं. हुलगे, मटकी, बाजरी, शेवग्याचा पाला, तीळ, सगळं आपल्या रानात किंवा परड्यात आणि पोरांच्या हातात पाच रुपयांचं पाकीट. तुम्ही पाकिटाला शिव्या नाही दिल्या, हे मला आवडलं. दुकानदाराला गाठून फुटाणे-शेंगदाण्याच्या पुड्या पाकिटांच्या पुढे, पोरांच्या हाताला लागतील अशा टांगायला लावल्यात. पाकिटं अजून खपतात, पण पुड्याही खपतात.

गुळाचंही तुम्हीच सांगितलंत. गुळात भरपूर लोह म्हणून आम्ही ढेपच्या ढेप चारत होतो. तुम्ही म्हणालात, चवीपुरता ठीक, पण शेवटी ती साखरच, त्याच्या भरवशावर रक्त वाढत नाही.

सगळ्यात मोठी लढाई चहाची. आमच्या घरात जेवल्याबरोबर चहा, तोही सासूबाई नातीला प्रेमाने बशीत ओतून देणार. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, हे त्यांना पटेना. तुम्ही वाद नाही घातलात. चहा बंद करा म्हणाला नाहीत, तासभर पुढे ढकला म्हणालात, आणि कालवणावर लिंबू पिळायचं काम सासूबाईंकडे दिलंत. आता कुणाच्या ताटात लिंबू नसलं तर त्याच ओरडतात.

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता. आपल्या उपकेंद्रावर तपासणी झाली तेव्हा माझ्या थोरलीचं हिमोग्लोबिन 9.2 भरलं. बारा तरी हवं. जिना चढताना धाप लागायची, त्याला आम्ही आळस म्हणत होतो. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती दप्तरातच ठेवायची, कारण मुलींमध्ये कुजबूज होती की पुढे मूल होत नाही. तुम्ही सगळ्यांना गोल बसवून ती गोळी कागदावर फोडून दाखवलीत. यात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड, दुसरं काही नाही. उपाशीपोटी घेतली तर मळमळेल, म्हणून जेवून घ्या. संडास काळी होईल, घाबरायचं नाही. "संडास" हा शब्द ऐकून पोरी हसून लोळल्या आणि त्या हसण्यातच निम्मी भीती गेली. थोरलीला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली, जंताची गोळीही दिली. मागच्या तपासणीत 11.4 आलं. गोळीने की माडग्याने की लिंबाने, हे कोण सांगणार? आणखी थोडं वाढायचंय.

एक गोष्ट मात्र मला वेगळी नोंदवायची आहे. वजन करताना तुम्ही एका वेळी एकाच मुलीला आत घेता, आकडा मोठ्याने वाचत नाही, तिच्या कार्डावर लिहून कार्ड उलटं करून हातात देता. आमच्या लहानपणी शाळेत सगळ्यांसमोर आकडा पुकारायचे, आणि त्या दिवसापासून "काडी" नाहीतर "भोपळा" हे नाव चिकटायचं ते लग्नापर्यंत. तुमच्या तासाला जाड-बारीक हे शब्दच नाहीत. कोण किती पळली, कुणाला झोप पुरी झाली, कोण रात्री अकरापर्यंत मोबाईल घेऊन बसली, एवढंच विचारता. माझ्या धाकटीने म्हणूनच सांगितलं की पाळीत पोट दुखतं म्हणून ती दोन दिवस जेवत नाही. मला, आईला, नव्हतं सांगितलं.

तुमच्या मोबदल्यातला बराच भाग कामागणिक मिळतो. नोंदणी, लसीकरण, बाळंतपण, त्याचे रकाने ठरलेले. मैदानावरच्या तासाला रकाना नाही, हे आम्हाला माहीत आहे. उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घालून परत साडेपाचला शिट्टी घेऊन उभं राहायचं, हे सरकारने पाहावं न पाहावं, आम्ही पाहिलंय. त्याबद्दल आम्ही सगळ्याजणी तुमच्या मनापासून आभारी आहोत.

आणि आता तुमचा थोडा भार आमच्याकडे द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी आमच्यातल्या दोघी मैदानावर थांबतील, पाळ्या लावून घेतल्यात. पूर्वेकडचा खांब हलायला लागलाय, नवीन लाकूड सुताराकडे टाकलंय. फक्कीची गोणी भरतीवाली पोरं तालुक्याहून आणणार आहेत. तुम्ही फक्त शनिवारी येताना टेप घेऊन या, खांब कुठे पुरायचा ते तुमच्याशिवाय कुणाला नक्की सांगता येईना.

आपल्या,
वस्तीवरच्या पोरींच्या आया (आणि लिंबूवाल्या आज्या)