सांध्यातलं पाणी आणि त्वचेचा तुकडा देणाऱ्या रुग्णांना

सप्रेम नमस्कार,

आमवात आणि सोरायसिसच्या संशोधनासाठी तुम्ही नमुने दिलेत. सुजलेल्या सांध्यात सुई घालू देणं किंवा चट्टा पूर्ण गेल्यावरही त्याच जागची ४ मिलिमीटर त्वचा काढू देणं, हे फार मोठं देणं आहे. त्यातून तुमची स्वतःची सूज लगेच उतरणार नाही, हे ठाऊक असूनही तुम्ही हो म्हणालात. तुमचे मनापासून आभार.

रक्ताची नळी पुरली नसती का, असं तुम्ही विचारता. नसती पुरली. दीर्घकालीन दाहात टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, दुखण्याच्या जागीच मुक्काम ठोकतात. सोरायसिसचा चट्टा गेला तरी आयएल-१७ हे दाह वाढवणारं प्रथिन बनवणाऱ्या स्मृती-पेशी (जुना दाह लक्षात ठेवणाऱ्या टी पेशी) त्वचेत मागे राहतात. औषध थांबल्यावर चट्टा बहुतेकदा जुन्याच जागी उठतो, त्यामागे त्यांचा मोठा हात असतो. सांध्यातलं चित्र तर आणखी चकित करणारं आहे. दाह आवरणाऱ्या नियंत्रक टी पेशी तिथे रक्तापेक्षा जास्त प्रमाणात सापडतात, तरीही सूज टिकून राहते, कारण आजूबाजूच्या आक्रमक टी पेशी त्यांना जुमानत नाहीत. आमवातात बी पेशींना (याही पांढऱ्या पेशीच) प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, बनवायला मदत करणारा टी पेशींचा एक वेगळा प्रकार २०१७ मध्ये ओळखला गेला, तोही रुग्णांच्या सांध्यांतूनच.

तुमच्या नमुन्याचं पुढे काय होतं, तेही सांगतो. सांध्यातलं पाणी हायलुरोनिक ॲसिडमुळे चिकट असतं. पेशी त्यात गुठळून बसतात. म्हणून ते ॲसिड तोडणारं हायलुरोनिडेज हे एन्झाइम घालून ते ३७ अंशांवर साधारण अर्धा तास ठेवायचं. सोबतचं रक्त हेपॅरिनच्या नळीतच घ्यायचं; हेपॅरिन आणि ईडीटीए दोन्ही रक्त गोठू देत नाहीत, पण ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं आणि त्याशिवाय टी पेशी जाग्या होत नाहीत. मग पेशींचे थर वेगळे व्हावेत म्हणून ते तितक्याच बफरने (क्षारांच्या द्रावणाने) पातळ करून १.०७७ घनतेच्या द्रवावर अलगद चढवायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोराने) ३० मिनिटं फिरवायचं, ब्रेक बंद ठेवून. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतात. रक्त फार वेळ पडून राहिलं किंवा फ्रिजमध्ये गेलं, तर नको असलेल्या ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या) पेशी हव्या त्या थरात घुसतात. त्वचेचं गणित सर्वांत नाजूक: त्वचेचे तंतू तोडणारं कोलॅजिनेज एन्झाइम कमी वेळ दिलं तर पेशी सुटत नाहीत, जास्त वेळ दिलं तर त्यांच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणाच तुटतात.

यानंतर टी पेशींना चारपाच तास चेतवतो, ब्रेफेल्डिन हे प्रथिनांना पेशीतच अडवणारं रसायन घालून. ते नसेल तर आयएल-१७ पेशीबाहेर निघून जातं आणि कोणी बनवलं ते कळत नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी शेवटची गोळी कधी घेतली ते वेळेसकट लिहून दिलंत. त्याचे वेगळे आभार मानायला हवेत. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीनंतर काही तासांतच रक्तातल्या टी पेशी घटतात. त्या मरतात असं नाही, बऱ्याचशा रक्ताबाहेर सरकतात. वेळ माहीत नसती तर औषधाचा परिणाम आजाराच्या खात्यावर मांडला गेला असता.

आयएल-१७ अडवणारी औषधं २०१५ पासून सोरायसिससाठी मिळू लागली. तीच क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारात दिली तेव्हा काहींचा त्रास वाढला, कारण आतड्याचं अस्तर राखायला आयएल-१७ लागतं. एका अवयवावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून ज्या जागी दुखतं तिथलाच नमुना आम्ही मागतो. यापुढेही मागू, नको वाटलं तर निःसंकोच नाही म्हणा, उपचारात काहीही फरक पडणार नाही.

आपले कृतज्ञ,
टी पेशींवर काम करणारे आम्ही सगळे